राजवाडा बांधणारा मेजर मँट

बडोद्यात आमच्याकडे पाहुणे आले की आधी लक्ष्मी विलास पॅलेस दाखवायचा, हे ठरलेलंच. माझं आजोळ कोल्हापूरचं. तिथे मामा आम्हाला न्यू पॅलेसला न्यायचा. हे दोन्ही वाडे एकाच माणसाच्या डोक्यातून उतरलेत, हे मला कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. त्या माणसाचं नाव मेजर चार्ल्स मँट.

मँट रॉयल इंजिनिअर्सचा अधिकारी. विलायतेतली इमारत उचलून हिंदुस्थानात आणून ठेवायची, हे त्याला पटत नसे. कोल्हापूरच्या टाउन हॉलमध्ये गॉथिक जास्त आहे, पण न्यू पॅलेसच्या काळ्या दगडात तो आपल्या कमानी, छत्र्या, घुमट मिसळू लागला. अजमेरच्या मेयो कॉलेजची इमारतही त्याचीच.

बडोद्याला सयाजीराव १८७५ मध्ये गादीवर आले तेव्हा ते बारा वर्षांचे होते. त्यांच्यासाठी नवा राजवाडा काढायचं काम मँटकडे आलं. इथे त्यानं अगदी मन मोकळं केलं. दरबार, महाराजांचा महाल, जनाना असे तीन भाग, आणि त्यांत राजपूत, मुघल, गुजरातेतलं जैन, शिवाय युरोपीय, सगळंच. काही जाणकारांना ही खिचडी वाटते. मला नाही वाटत. संध्याकाळी लांबून बघा, सगळं एकात एक मिसळून जातं.

काम १८८० मध्ये सुरू झालं आणि १८८१ मध्ये मँट वारला. चाळिशी नुकतीच उलटली होती. शेवटी त्याचं मन भ्रमिष्ट झालं होतं म्हणतात. आपली आकडेमोड चुकली, आपण काढलेले वाडे कोसळणार, हा ध्यास त्यानं घेतला होता, अशी गोष्ट सांगतात. त्यातलं खरं किती कोण जाणे. पण ती ऐकल्यापासून मला पॅलेसचा मनोरा नुसता शोभेचा वाटत नाही.

पुढे मद्रासेत सिनेट हाउस बांधणाऱ्या रॉबर्ट चिझमनं काम हाती घेतलं आणि १८९० मध्ये राजवाडा पुरा झाला. भोवतालची बाग विल्यम गोल्डरिंगनं आखली. कमाटी बागेतल्या म्युझियमच्या इमारतीशीही मँट आणि चिझम दोघांची नावं जोडलेली आहेत. कोल्हापूरचा वाडा १८८४ मध्ये संपला, अजमेरची इमारत १८८५ मध्ये. म्हणजे आपल्या या मोठ्या इमारती पुऱ्या झालेल्या मँटनं पाहिल्याच नाहीत.

२००१ चा भूकंप बडोद्यालाही जाणवला. आई सांगते, फळीवरची भांडी खाली आली होती. राजवाडा उभाच राहिला.

आता सुट्टीत कोल्हापूरला गेले की मामाला हे सगळं सांगायचंय. त्याला अजून वाटतं, न्यू पॅलेस शाहू महाराजांनी बांधला.