खाणावळवालीची चलाखी पकडणारा शास्त्रज्ञ आणि आजचा किडनी स्कॅन

१९११ च्या सुमाराची गोष्ट. मँचेस्टरमध्ये भाड्याने राहणाऱ्या एका हंगेरियन तरुणाला संशय होता, की घरमालकीण उरलेलं मटण दुसऱ्या दिवशी नवं रूप देऊन वाढते. त्याने ताटातल्या उरल्यासुरल्यात किंचित किरणोत्सारी पदार्थ मिसळला. पुढच्या जेवणावर उपकरण धरलं आणि चोरी पकडली गेली, असा किस्सा सांगितला जातो.

हा तरुण म्हणजे जॉर्ज द हेवेशी. जन्म १८८५, बुडापेस्ट.

तेव्हा ते रुदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत होते. काम एकच, शिशातून 'रेडियम डी' वेगळं काढायचं. काही केल्या जमेना. जमणार तरी कसं? रेडियम डी हे शिशाचंच किरणोत्सारी रूप होतं. दुसरा कुणी असता तर नाद सोडून दिला असता. हेवेशींनी मात्र प्रश्नच उलटा केला: वेगळं होत नाही, तर शिशाचा माग काढायला हेच वापरलं तर? १९१३ मध्ये व्हिएन्नात फ्रिट्झ पानेथ यांच्यासोबत त्यांनी ते करून दाखवलं. ट्रेसरची कल्पना इथून आली.

१९२३ मध्ये त्यांनी शेंगवर्गीय रोपांत शिसं कसं चढतं ते पाहिलं. त्याच वर्षी डर्क कोस्टर यांच्यासोबत हाफ्नियम हे मूलद्रव्यही शोधलं. पुढे जड पाणी पिऊन, लघवी तपासून, शरीरात पाणी किती काळ राहतं याचाही हिशेब लावला. १९३५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून दिसलं, की हाडांतला फॉस्फरससुद्धा सतत बदलत असतो.

१९४० मध्ये नाझी कोपनहेगनमध्ये आले, तेव्हा दोन जर्मन शास्त्रज्ञांची सोन्याची नोबेल पदकं हेवेशींनी आम्लराजात विरघळवून लपवली. ते स्वतः ज्यू वंशाचे. १९४३ मध्ये त्यांना स्वीडन गाठावं लागलं. त्याच वर्षाचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. १९६६ मध्ये फ्रायबर्गमध्ये त्यांचं निधन झालं.

आता किडनी स्कॅनकडे येऊ. लहान मुलांना वारंवार लघवीचा संसर्ग होत असेल, तर डॉक्टर अनेकदा डीएमएसए स्कॅन सांगतात. यात टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य डीएमएसए नावाच्या रेणूला जोडून शिरेत देतात. हा रेणू किडनीच्या पेशींत जाऊन बसतो आणि कॅमेऱ्याला किडनी दिसते. जिथे व्रण किंवा ताजा संसर्ग आहे, तो भाग रिकामा दिसतो.

गडबड इथेच होऊ शकते. हेवेशींचा ट्रेसर मूळ पदार्थाचंच भावंड होता, त्यामुळे दोघांची ताटातूट व्हायची नाही. इथे मात्र टेक्नेशियम बाहेरून जोडलेलं असतं. ते रेणूपासून सुटलं, की थायरॉइड आणि जठर उजळतं. औषध नीट तयार झालं नसेल तर यकृत जास्त दिसतं. पण किडन्या फारच कमजोर असल्या तरीही तसंच दिसू शकतं. सुई शिरेबाहेर गेली, तर बराच ट्रेसर दंडातच अडकतो आणि किडन्या फिकट दिसतात. कधी एक किडनी जागेवर नसतेच, कारण ती जन्मापासून ओटीपोटात असते.

म्हणून फिकट किडनी दिसली तरी लगेच ती निकामी ठरवत नाहीत. आधी इंजेक्शनची जागा आणि औषधाची तयारी तपासतात, जुने रिपोर्ट बघतात आणि गरज पडली तर स्कॅन पुन्हा करतात.