जेफ रास्किन
जेफ रास्किन (९ मार्च, १९४३:न्यू यॉर्क शहर, अमेरिका - २६ फेब्रुवारी, २००५:पॅसिफिका, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ आणि लेखक होते. ॲपल कंपनीतील मॅकिंटॉश प्रकल्पाचे प्रवर्तक म्हणून ते ओळखले जातात. मजकुरातील हव्या त्या जागी केवळ कळफलकाच्या साहाय्याने पोचता यावे यासाठी त्यांनी तयार केलेली 'लीप' ही शोधपद्धती मात्र तुलनेने कमी लोकांना ठाऊक आहे.

== शिक्षण आणि अध्यापन ==
रास्किन यांनी स्टोनी ब्रूक येथे गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळवली. पुढे सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ते कला, छायाचित्रण आणि संगणक या विषयांचे अध्यापन करीत. संगीताचाही त्यांचा चांगला अभ्यास होता. उष्ण हवेच्या फुग्यातून कुलपतींच्या निवासस्थानावरून उडत जाऊन त्यांनी आपला राजीनामा जाहीर केला, अशी कथा प्रसिद्ध आहे.

== ॲपल आणि मॅकिंटॉश ==
ॲपल २ या संगणकाच्या बेसिक भाषेची माहितीपुस्तिका लिहिण्याच्या निमित्ताने रास्किन यांचा ॲपलशी संबंध आला. जानेवारी १९७८ मध्ये ते कंपनीचे ३१वे कर्मचारी म्हणून प्रकाशन विभागात रुजू झाले. सामान्य माणसाला परवडेल आणि सहज वापरता येईल अशा संगणकाचा प्रकल्प त्यांनी १९७९ मध्ये सुरू केला व आपल्या आवडत्या सफरचंदाच्या जातीवरून त्याला मॅकिंटॉश हे नाव दिले. स्टीव्ह जॉब्स यांनी १९८१ मध्ये प्रकल्पाची सूत्रे हाती घेतल्यावर दोघांतील मतभेद वाढले आणि १९८२ मध्ये रास्किन यांनी ॲपल सोडले. १९८४ मध्ये बाजारात आलेला मॅकिंटॉश माऊसवर आधारलेला होता. त्याचा आरंभ करणाऱ्या माणसाने मात्र पुढची अनेक वर्षे मजकुराच्या कामात हात कळफलकावरून उचलावाच लागू नये यासाठी खर्ची घातली.

== लीप ==
ॲपल सोडल्यानंतर रास्किन यांनी इन्फर्मेशन अप्लायन्स ही कंपनी स्थापन केली. ॲपल २ई संगणकात बसवायचे 'स्विफ्टकार्ड' हे तिचे आरंभीचे उत्पादन होय. याच कल्पनांवर आधारलेला 'कॅनन कॅट' हा स्वतंत्र संगणक कॅनन कंपनीने १९८७ मध्ये १,४९५ डॉलर किमतीला विक्रीस आणला. त्याला ९ इंची कृष्णधवल पडदा होता. माऊस नव्हता आणि चित्ररूपी चिन्हेही नव्हती. वेगवेगळ्या फायलींऐवजी सर्व मजकूर एकाच लांबलचक प्रवाहाच्या रूपात राही. अशा मजकुरात वावरायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे लीप.

कॅटच्या कळफलकावर स्पेसबारच्या खाली, अंगठ्याच्या टप्प्यात, दोन लीप कळा होत्या. उजवी कळ पुढे शोधण्यासाठी, तर डावी मागे शोधण्यासाठी होती. अंगठ्याने कळ दाबून धरायची आणि उरलेल्या बोटांनी हव्या त्या जागेची अक्षरे टंकायची. पहिले अक्षर टंकताच कर्सर त्या अक्षराच्या सर्वांत जवळच्या जागी उडी मारे, आणि पुढील प्रत्येक अक्षराबरोबर जागा अधिक नेमकी होत जाई. कळ सोडली की शोध संपे व त्याच ठिकाणी लिहिता येई. शोधाची चौकट उघडणे, संपूर्ण शब्द टंकणे, एंटर दाबणे आणि चौकट बंद करणे हे सारे त्यात टळे. क्वचित येणारी दोन-तीन अक्षरे निवडली, तर लांबचे अंतरही एका उडीत पार होई. त्यामुळे शोधणे आणि कर्सर हलवणे या दोन वेगळ्या क्रिया राहिल्या नाहीत.

टंकताना प्रत्येक अक्षरागणिक पुढे सरकणारा शोध हा एकट्या रास्किन यांचा शोध नव्हे; ईमॅक्स या संपादन-प्रणालीत तो १९७० च्या दशकातच होता. मात्र ईमॅक्समध्ये एका आज्ञेने शोध सुरू करावा लागतो व दुसऱ्या कळीने संपवावा लागतो. आपण नेमके कोणत्या अवस्थेत आहोत याचा वापरकर्त्याला विसर पडणे, हे रास्किन यांच्या मते बहुसंख्य चुकांचे मूळ होते. व्हीआय या एडिटरमध्ये मजकूर लिहायला जावे आणि अक्षरांचा अर्थ आज्ञा म्हणून घेतला जावा, हा अनुभव अनेक प्रोग्रामरांना आहे. बोट कळीवर असेपर्यंतच टिकणाऱ्या अवस्थेला रास्किन 'क्वासीमोड' म्हणत. शिफ्ट कळ हे तिचे परिचित उदाहरण आहे. कॅप्स लॉक चालू राहिल्याचे लक्षात येत नाही, पण दाबून धरलेली शिफ्ट विसरणे जवळपास अशक्य असते.

कॅटमध्ये फोर्थ ही संगणकभाषाही दडलेली होती. ती कार्यान्वित केल्यावर मजकुरातच आज्ञावली लिहून चालवता येत असे. कॅननच्या टंकयंत्र विभागाने विकलेल्या या संगणकाचे सुमारे २०,००० नग खपले आणि थोड्याच काळात त्याचे उत्पादन थांबले.

== लेखन आणि अखेरची वर्षे ==
२००० मध्ये त्यांचे 'द ह्यूमेन इंटरफेस' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. एखादे काम पूर्ण करण्यास किती कळा दाबाव्या लागतात, हात कळफलकावरून माऊसकडे नेण्यात किती वेळ जातो, याचे हिशेब मांडून त्यांनी त्यात आपली मते पटवून दिली आहेत. त्यातील काही टोकाची विधाने सर्वांना मान्य झाली नाहीत. त्यानंतर त्यांनी 'आर्ची' या प्रणालीवर काम केले. तीत लीपचे काम नेहमीच्या कळफलकावरील कळांकडे सोपवले होते. हे काम अपूर्ण असतानाच स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र एझा रास्किन यांनीही पुढे याच क्षेत्रात काम केले.

अक्षर टंकताच जुळणारी जागा दाखवणारा शोध आज बहुतेक कोड एडिटरांत आढळतो. त्यासाठी चौकट उघडावी लागते आणि एस्केप दाबून ती बंदही करावी लागते. केवळ शोधासाठी राखून ठेवलेल्या अंगठ्याच्या कळा मात्र कॅटनंतर प्रचलित कळफलकांवर आल्या नाहीत.