पुराला वाट देणारा इंजिनीअर

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण ‘इंजिनीअर्स डे’ साजरा करतो. फोटोला हार, दोन भाषणं आणि समोसे! पण फोटोतल्या त्या पगडीवाल्या आजोबांचं आमच्या शिरूर-दौंडशी काय नातं आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६१ साली म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. शिकवण्या करत ते बी.ए. झाले आणि संस्थानाच्या स्कॉलरशिपवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (म्हणजे आजचं सीओईपी) आले. १८८३ मध्ये पहिल्या नंबराने पास झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत असिस्टंट इंजिनीअर म्हणून लागले.

खडकवासल्याला प्रश्न होता, की धरणाची उंची न वाढवता पाणी जास्त कसं साठवायचं? त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत अडायचं आणि पूर आला, की दरवाजे स्वतःच वाट करून द्यायचे. आज खडकवासल्याचा कालवा दौंड तालुक्यातून जातो आणि आमच्याकडचा ऊस त्यावर पिकतो.

२८ सप्टेंबर १९०८ ला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसं गेली. निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी नुसती भिंत बांधा असं सांगितलं नाही. शहराच्या वरच्या बाजूला पूर अडवणारे जलाशय सुचवले आणि शहरासाठी ड्रेनेजची योजनाही दिली. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. मला सगळ्यात भावलं ते हे, की पूर आणि मैला या दोन्हींचा विचार त्यांनी एकत्र केला.

आपण मात्र हे दोन विषय वेगळे करून टाकलेत. शिरूर घोडनदीच्या काठी, दौंड भीमेच्या. पुण्याचं पाणी घेऊन मुळा-मुठाही याच भागात भीमेला मिळते. नियम आहेत. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. सेप्टिक टँकचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा. पण माझ्या पाहण्यात आलेल्या एका घराच्या मंजूर नकाशात सेप्टिक टँकचा चौकोन होता, शेजारची विहीर दाखवलीच नव्हती! आमची काळी माती मुळातच पाणी हळू शोषते. त्यात पूर आला, की शोषखड्डा भरतो, टाकी उलटते आणि तेच पाणी विहिरीत उतरतं. घर पडलं नाही तरी गाव आजारी पडतं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यात खडकवासलाही फुटलं. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, शंभरीला टेकलेले. १९६२ मध्ये ते गेले. म्हणजे इतक्या मोठ्या इंजिनीअरने हात लावलेलं धरणसुद्धा पाण्याने नेलं. मग नदीच्या पात्रालगत आपल्या चार खोल्यांचं काय?

मित्रांनो, उद्या आपल्यातलेच कुणी असे नकाशे काढतील, कुणी मंजूर करतील. सही करण्याआधी जागेवर जा, पुराची रेषा बघा आणि विहिरीपर्यंतचं अंतर टेप लावून मोजा. हारापेक्षा ते त्यांना जास्त आवडलं असतं, असं मला वाटतं.