वाऱ्याचे माप घेणारा माणूस

बँकेत, इस्पितळात किंवा एखाद्या मोठ्या दुकानात वातानुकूलन यंत्र असूनही घाम फुटतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. तक्रार केली की गॅस कमी झाला असेल, असे ठरलेले उत्तर मिळते. गॅस भरला जातो, बिल येते आणि महिन्याभरात घाम पुन्हा फुटू लागतो. पुष्कळदा दोष गॅसमध्ये नसतोच. तो पंख्यात असतो. थंडावा तयार होत असतो, पण तो खोलीपर्यंत वाहून नेणारी हवा पुरेशी नसते. ती किती आहे, हे मोजण्याचे मात्र कोणाला सुचत नाही. ज्या माणसाच्या नावाने जग वातानुकूलन ओळखते, त्या विलिस हॅविलंड कॅरियर यांची सारी कारकीर्दच अशा मोजमापावर उभी होती.

कॅरियर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ चा, न्यूयॉर्क राज्यात ईरी सरोवराजवळच्या अँगोला या गावचा. घर शेतकऱ्याचे. लहानग्या विलिसला अपूर्णांक काही केल्या समजेनात, तेव्हा आईने तळघरातून सफरचंदे आणायला लावली आणि ती कापून अर्धे, पाव, अष्टमांश त्याच्यापुढे मांडले. अवघड गोष्टीचे तुकडे करून एकेक तुकडा समजून घ्यावा, हा धडा त्याला तेथे मिळाला. मुलगा अकरा वर्षांचा असताना आई गेली, धडा मात्र आयुष्यभर पुरला. पुढे शिष्यवृत्ती आणि पडेल ते काम यांच्या बळावर त्यांनी कॉर्नेल विद्यापीठ गाठले आणि १९०१ मध्ये अभियंत्याची पदवी घेऊन ते बफेलो फोर्ज या कंपनीत रुजू झाले. पगार आठवड्याला दहा डॉलर.

ही कंपनी पंखे आणि हवा तापवणारी उपकरणे बनवी. लाकूड वा कॉफी वाळवण्यासाठी वाफेच्या नळ्यांवरून पंख्याने हवा सोडली जाई. पण नेमक्या किती हवेला किती नळ्या लागतात, याचे भरवशाचे आकडे कोणापाशीच नव्हते. अंदाज बांधायचा आणि चूक झाकण्यासाठी यंत्र गरजेपेक्षा मोठे द्यायचे, असा रिवाज होता. नवख्या कॅरियर यांना हे पटले नाही. त्यांनी नळ्यांवरून वेगवेगळ्या वेगाने हवा सोडून तिचे तापमान मोजले आणि त्यावरून तक्ते तयार केले. मालकांना त्यांचा उपयोग कळला. कंपनीत प्रयोगशाळा निघाली आणि ती याच तरुणाकडे सोपवण्यात आली.

१९०२ मध्ये ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्याची अडचण त्यांच्यापुढे आली. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. आपल्याकडच्या छापखानेवाल्यांना पावसाळ्यातले हे दुखणे चांगले ठाऊक आहे. रंगीत छपाईत कागद यंत्रातून अनेकदा जातो. मध्ये तो केसभर जरी सरकला तरी चित्र बिघडते. छापखान्याला बारमाही ५५ टक्के आर्द्रता हवी होती. ज्या नळ्यांतून वाफ फिरे, त्यांतून कॅरियर यांनी थंड पाणी फिरवण्याचे ठरवले आणि हवेचा वेग व नळ्यांचे तापमान यांचा मेळ गणिताने घातला. आधुनिक वातानुकूलनाचा प्रारंभ येथून मानला जातो. तो माणसाच्या सुखासाठी नव्हे, कागदासाठी झाला!

त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना भोवती दाट धुके पसरले होते. धुके म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेली हवा. मग तिचे तापमान हाती ठेवले तर तिच्यातले पाणीही आपल्या हाती राहील, असे त्यांच्या मनाने घेतले. पाण्याच्या तुषारांतून हवा नेऊन ती कोरडी करायची, ही वरकरणी उफराटी युक्ती त्यातून जन्मली. तिचे पेटंट २ जानेवारी १९०६ रोजी मिळाले. १९११ मध्ये त्यांनी तापमान आणि आर्द्रता यांचे नाते सांगणारी सूत्रे अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली. आजही वातानुकूलन शिकणारा विद्यार्थी जो सायक्रोमेट्रिक आलेख समोर घेऊन बसतो, त्याचा पाया या निबंधात आहे.

त्यांचे आणखी एक काम मात्र फारसे सांगितले जात नाही. १९१४ मध्ये बफेलो फोर्जने पंख्यांच्या अभियांत्रिकीवर एक हस्तपुस्तक काढले. त्याचे संपादक कॅरियर होते. थंडाव्याच्या कौतुकात पंख्याला कोण विचारतो? पण यंत्र कारखान्यात कितीही उत्तम चालो, इमारतीत बसवल्यावर डक्टची वळणे, झडपा आणि धुळीने भरलेले फिल्टर हवेची वाट अडवतात. कागदावरची हवा आणि खोलीतली हवा यांत तफावत पडते ती येथे. म्हणून मोजमाप जागेवरच करावे लागते.

त्याची रीत साधी, पण चिकाटीची आहे. डक्टच्या सरळ भागात लहान भोके पाडून पिटॉट नळी आत घालतात. हवा कडेला हळू आणि मध्ये जोरात वाहते, म्हणून छेदाचे समान भाग करून प्रत्येक भागात दाब पाहतात. मिनिटाला १००० फूट वेगाने वाहणारी हवा पाण्याची पातळी जेमतेम इंचाचा सोळावा भाग हलवते, इतके हे माप नाजूक! सरासरी वेगाला डक्टच्या क्षेत्रफळाने गुणले की हवा किती ते कळते. नेहमीच्या यंत्रांत एका टनामागे मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा धरतात. ती फार कमी पडली तर कॉइलवर बर्फ धरतो. फार वाढली तर खोली गार होते, पण दमटपणा जात नाही.

हवा कमी भरली तर पुली बदलून पंख्याचा वेग वाढवायचा. येथेच घाई नडते. वेग दहा टक्के वाढला की हवा दहाच टक्के वाढते. दाब मात्र एकवीस टक्के आणि मोटरवरचा भार तब्बल तेहतीस टक्के वाढतो. म्हणून जाणता तंत्रज्ञ आधी फिल्टर, पट्टा आणि झडपा पाहतो, मग पुलीला हात लावतो आणि शेवटी मोटर किती अँपिअर खेचते ते तपासूनच दार लावतो.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि बफेलो फोर्जने हा विभाग आवरता घेतला. कॅरियर आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी ३२,६०० डॉलर उभे करून १९१५ मध्ये स्वतःची कंपनी काढली. १९२२ मध्ये त्यांनी अपकेंद्री शीतयंत्र लोकांपुढे आणले आणि मोठ्या सभागृहांचा मार्ग खुला झाला. पण चित्रपटगृहांत गार हवा खुर्च्यांखालून सोडत; ती तेथेच साचे आणि प्रेक्षक पायांना वर्तमानपत्रे गुंडाळून बसत. कॅरियर यांचे सहकारी लोगन लुइस यांनी वाट उलटी केली. हवा छतातून सोडायची, खालून ओढून घ्यायची आणि तिचा काही भाग न गारवता गार हवेत मिसळायचा. मे १९२५ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात हा प्रयोग झाला. यंत्र सुरू व्हायला उशीर झाला होता. भरल्या सभागृहात हातपंखे हलत होते आणि कॅरियर मागे उभे राहून ते पाहत होते. मग हवा पोहोचली. एकेक हातपंखा मांडीवर विसावला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

१९३० च्या मंदीत कंपनीला कठीण दिवस पाहावे लागले. तरी १९३९ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी उंच इमारतींसाठी बारीक नळ्यांतून वेगाने हवा नेण्याची नवी पद्धत पुढे आणली. ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

२०२० च्या साथीने बंद खोलीतली हवा हा जिवाचा प्रश्न असू शकतो, हे आपल्याला शिकवले. शस्त्रक्रियागृहात, वर्गात, कार्यालयात ताजी हवा किती येते, याचे उत्तर अंगाला लागणाऱ्या गारव्यावरून मिळत नाही. ते डक्टमध्ये नळी घालूनच मिळते. वीज आपण युनिटने मोजतो, पाणी लिटरने मोजतो. दिवसभर श्वासात घेतो ती हवा मात्र अंदाजावर सोडतो. कॅरियर यांनी अंदाजाशी वैर धरले होते. त्यांच्या शोधाचा गारवा आपण घेतला. ती सवय घ्यायची अजून राहिली आहे.