छात्रालयातले साने गुरुजी

विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या भाविकांना उघडावे म्हणून १९४७ साली पंढरपुरी उपोषणाला बसलेले साने गुरुजी वारकऱ्यांना ठाऊकच आहेत. तेच गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आले. पोरांच्या खोल्यांत पसारा, कपडे मळके. गुरुजींनी छडी न घेता केरसुणी घेतली. मुलांच्या माघारी खोल्या झाडल्या, कपडे धुतले. मुले ओशाळली, आपले काम आपण करू लागली. हाताने लिहिलेल्या ‘छात्रालय दैनिका’तून गुरुजी त्यांना बोधाच्या चार गोष्टी सांगत. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. पण कितीक विद्यार्थ्यांनी त्यांना जन्मभर गुरू मानले. मंडळी, छडीचा धाक छडी ठेवली की सरतो. आधी आपण वाकावे, मग लेकरू आपणहून वाकते.