डॉ. रखमाबाई

भगिनींनो, मुलीला नहाण आले की तिला लगेच सासरी नांदायला पाठवलेच पाहिजे, गर्भाधानाला उशीर केला तर आईबापांना पाप लागते, अशी समजूत पूर्वी घरोघर होती. मुलीच्या मनाला कोणी विचारत नसे. त्या काळात नाही म्हणणारी रखमाबाई आपल्या मुंबईतच झाली.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा, जातीने सुतार. आई जयंतीबाई पंधराव्या वर्षी आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. त्यांच्या जातीत विधवेला पुन्हा लग्न करण्याची मोकळीक होती, म्हणून त्यांचे दुसरे लग्न डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाले. उच्चवर्णीयांच्या घरी असे घडले नसते.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले. दादाजी १९ वर्षांचे. काही महिन्यांतच मुलीला नहाण आले. पण सखाराम अर्जुन स्वतः डॉक्टर. कोवळ्या शरीरावर संसार लादणे त्यांना पटले नाही. त्यांनी गर्भाधान होऊ दिले नाही. शाळा सुटलेली रखमा घरी बसून पुस्तके वाचू लागली. वाचता वाचता तिचे मन तयार झाले. दादाजींनी शिक्षण सोडून दिले होते. लहानपणी न विचारता लावलेल्या लग्नापायी आपण देह का द्यावा, असे तिला वाटू लागले. वडीलधाऱ्यांनी आधी थांबवले होते, आता ती स्वतः थांबली.

१८८४ साली दादाजींनी हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. धर्म बुडाला म्हणून ओरड झाली. लोकमान्यांच्या केसरीनेही त्यांच्यावर टीका केली. अपिलानंतर १८८७ साली हुकूम झाला, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली! शेवटी १८८८ साली दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. पुढे १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि बारा वर्षांखालील पत्नीशी संबंध ठेवणे नवऱ्यालाही गुन्हा ठरले. या खटल्याने उठलेल्या चर्चेचा त्यात मोठा वाटा होता.

रखमाबाई १८८९ साली विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे अनेक वर्षे बायकांची सेवा केली. पुन्हा लग्न केले नाही. १९०४ साली दादाजी वारल्यावर, ज्याच्याशी कधी संसार केला नाही त्याच्यासाठी त्यांनी पांढरे लुगडे नेसले. कोर्टाला न वाकलेली बाई रूढीपासून पुरती सुटली नव्हती. १९५५ साली त्या निवर्तल्या.

आज मुलीच्या लग्नाला १८ वर्षांची अट आहे. तरी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी नको म्हणते तेव्हा आपण तिला हट्टी म्हणून गप्प करतो. भगिनींनो, आधी तिचे म्हणणे नीट ऐकून घेऊ या. रखमाबाईंना घरात एक तरी ऐकणारे माणूस होते, म्हणूनच पुढचे सारे घडले.