विश्लेषण : मिरचीतले ‘क’ जीवनसत्त्व आणि फुप्फुसांची ढाल

हवा बिघडली, की अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांची चर्चा सुरू होते. त्यातले सर्वांत परिचित नाव ‘क’ जीवनसत्त्वाचे. ते शोधणारे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी कोण होते आणि त्यांच्या शोधाचा फुप्फुसांशी काय संबंध?

सेंट-ज्यॉर्जी कोण?

जन्म बुडापेस्टचा, १८९३ मधला. वैद्यकीचे शिक्षण सुरू असतानाच पहिल्या महायुद्धात जावे लागले. युद्धाला विटून त्यांनी स्वतःच्या दंडात गोळी झाडून घेतली आणि परतून शिक्षण पूर्ण केले.

शोध कसा लागला?

कापलेले केळे तपकिरी पडते, संत्रे पडत नाही. असे का, हा त्यांचा प्रश्न. लिंबूवर्गीय फळांतला एक घटक ही क्रिया लांबवतो, हे त्यांनी ताडले. केंब्रिजमध्ये त्यांनी तो जनावरांच्या अधिवृक्क ग्रंथींतून वेगळा काढला. १९२८ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे हंगेरीतील सेगेड येथे गिनीपिगवरील प्रयोगांतून तो स्कर्व्ही रोखणारे ‘क’ जीवनसत्त्वच असल्याचे दिसले. प्रयोगांसाठी मुबलक साठा मिळाला तो तिथल्या लाल मिरचीतून, म्हणजे पॅप्रिकातून. १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याचे सुवर्णपदक त्यांनी सोव्हिएत आक्रमणाला तोंड देणाऱ्या फिनलंडच्या मदतीसाठी दिले. दुसऱ्या महायुद्धात नाझीविरोधी कारवायांमुळे त्यांना भूमिगत व्हावे लागले. १९४७ मध्ये ते अमेरिकेत गेले. तिथेच १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

फुप्फुसांत काय घडते?

हा भाग पुढच्या संशोधकांनी उलगडला. श्वसनमार्गाच्या आतल्या पातळ द्रवथरात ‘क’ जीवनसत्त्व, युरिक आम्ल आणि ग्लुटाथायोन असते. ओझोनसारखा वायू आत आला, की हे पदार्थ आधी स्वतः ऑक्सिडाइज होतात आणि पेशी वाचतात. पीएम २.५ चे सूक्ष्म कण मात्र वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या मॅक्रोफेज पेशी त्यांना गिळतात, दाहाचे संदेश सोडतात आणि आणखी रोगप्रतिकारक पेशी बोलावतात. या पेशींची शस्त्रेही ऑक्सिडंटच असतात. प्रदूषण रोजचेच असेल तर द्रवथरातला साठा अपुरा पडतो, दाह टिकतो आणि स्वतःच्याच ऊतींना इजा होते.

मग गोळ्या घ्याव्यात?

मेक्सिको सिटीतील दमेकरी मुलांवरील, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांनी ओझोनचा त्रास काहीसा कमी केला. उलट फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत बीटा-कॅरोटीन या दुसऱ्या अँटिऑक्सिडंटने फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे १९९४ मध्ये दिसले. म्हणजे सगळी अँटिऑक्सिडंट सारखी नाहीत, आणि जास्त म्हणजे चांगले असेही नाही. माणसाचे शरीर ‘क’ जीवनसत्त्व बनवत नाही. आवळा, पेरू, लिंबू, मिरची यांतून ते मिळते. गरजेपेक्षा जास्त झालेले बरेचसे लघवीवाटे निघून जाते. त्यामुळे आहारातली कमतरता भरून काढणे शहाणपणाचे; पण धूर आणि धूळ कमी करण्याला गोळी हा पर्याय नाही.